बर्फावरची सुटी : वऱ्हाडांतून आल्प्सकडे



बुलढाण्याला वऱ्हाडांत थंड हवेचें गांव म्हणतात, आणि मलकापूरच्या उन्हांतून राजूरचा घाट चढून वर आलेल्या माणसाला तें नांव पटतेंही. गांवाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर. पौषांतली पहाट येथें बोचते, शेकोट्या पेटतात, कानांना मफलर गुंडाळावा लागतो. पण मडक्यांतल्या पाण्याचा बर्फ कांहीं होत नाहीं. अशा जिल्ह्यांत बसून आल्प्सच्या बर्फावर घसरत जाण्याच्या सुटीचा बेत आंखणें म्हणजे विहिरींत पोहणाऱ्यानें समुद्राच्या गप्पा मारण्यासारखें कोणास वाटेल. तरी हा प्रश्न आतां बऱ्याच घरांत खरोखरीचा झाला आहे. खामगांव, चिखली, मेहकर अशा गांवांतून शिकावयास पुण्याला गेलेलीं मुलें पुढें म्युनिक, झुरिक, स्टुटगार्ट अशा शहरीं नोकरीस लागतात, आणि एके दिवशीं तिकडून निरोप येतो, "बाबा, पुढच्या हिवाळ्यांत तुम्ही आणि आई या, ताईला व भाचरांनाही आणा, आपण सगळे आठवडाभर स्कीला जाऊं." निरोप प्रेमाचा असतो. पण त्याच्यामागून काय काय येतें हें बाबांना ठाऊक नसतें, आणि बरेचदां तो निरोप धाडणाऱ्या मुलालाही नसतें. आजचें भाषण त्या घरासाठीं आहे.

आल्प्स पर्वत मराठी मंडळींना अगदींच अनोळखी राहिलेला नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत सहलीच्या कंपन्यांबरोबर कितीतरी कुटुंबें युंगफ्राउयोख या ३४५४ मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत आगगाडीनें चढतात. ती गाडी १९१२ पासून चालूं आहे. कांहीं मंडळी टिटलिसच्या पाळण्यांत बसून वर जातात, मूठभर बर्फ एकमेकांच्या अंगावर टाकतात, छायाचित्रें काढतात आणि तासा-दोन तासांनीं खालीं उतरतात. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पण त्या अनुभवाच्या भरंवशावर स्कीच्या सुटीचा बेत करूं नये. मोटारीनें पंढरपुरास जाऊन दर्शन घेऊन येणें आणि शेगांवाहून पालखीबरोबर पायीं जाणें यांत जेवढें अंतर, तेवढें या दोहोंत आहे. स्कीची सुटी शरिराला राबविते. पहिले तीन दिवस माणूस पडतो, उठतो, पुन्हां पडतो. आणि चौथ्या दिवशीं एकदम त्याला कळतें कीं आपण पडलों नाहीं. त्या एका क्षणासाठीं लोक वर्षभर पैसे सांठवितात.

स्की म्हणजे ताठ, जड बुटांना अडकविलेल्या दोन लांब अरुंद पट्ट्या. मुळांत तें उत्तरेकडील नॉर्वेसारख्या देशांतलें हिवाळ्यांत चालण्याचें साधन. आल्प्समध्यें त्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरूं लागली, आणि त्यांत आपल्या ओळखीचा एक गृहस्थ आहे : शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल. १८९४ च्या मार्चमध्यें दोन स्थानिक भावांबरोबर ते स्वित्झर्लंडमधील दावोसहून डोंगर ओलांडून आरोसा येथें स्कीवरून गेले, आणि त्याच वर्षीं त्यांनीं ती हकीकत स्ट्रँड मासिकांत छापली. त्या काळीं घसरत येण्यापूर्वीं आधीं स्वतःच्या पायांनीं चढावें लागे. अर्धा दिवस चढण आणि पाव तास उतार असा तो व्यवहार. १९३४ मध्यें दावोसच्याच बोल्गेन उतारावर एर्न्स्ट कोन्स्टाम नांवाच्या इंजिनियरानें दोराला अडकविलेल्या आंकड्यांनीं माणसांना वर ओढून नेणारें यंत्र बसविलें, आणि चढण्याचे कष्ट संपले. आज ज्याला मोठें स्की-स्थान म्हणतात तें या यंत्राचें अपत्य आहे. हिंदुस्थानांतही ही हौस त्याच सुमारास आली. १९२७ मध्यें ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं काश्मिरांतील गुलमर्ग येथें स्की क्लब ऑफ इंडिया काढला. त्या गुलमर्गकडे मी शेवटीं येणारच आहें.

आतां बेताकडे वळूं. बेताचें पहिलें कलम पैसा नसून पंचांग आहे. आपल्या घरांतल्या मोठ्या सुट्या दोन : दिवाळी आणि मे महिना. आल्प्समधील हंगाम मात्र साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. म्हणजे आपल्याला सुटी असते तेव्हां तिकडे बर्फ नसतो, आणि तिकडे बर्फ असतो तेव्हां आपलीं मुलें परीक्षेच्या तयारींत असतात. झेरमाट किंवा ऑस्ट्रियांतील हिंटरटुक्स अशा कांहीं ठिकाणीं हिमनदीवर बाराही महिने घसरतां येतें हें खरें. पण तेथील उतार फार उंचावर आहेत, आणि नवशिक्यास आरंभींच तेथें नेणें शहाणपणाचें नव्हे.

मग जावें केव्हां? नाताळचा आठवडा अतिशय महाग आणि गर्दीचा. फेब्रुवारींत युरोपांतल्या शाळांना हिवाळी सुटी पडते. फ्रान्सनें तर सगळ्या देशाचे तीन विभाग पाडून सुट्या पुढें-मागें ठेविल्या आहेत, तरीही त्या महिन्यांत खोली मिळणें दुरापास्त होतें. माझ्या मतें आपल्या कुटुंबाला जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा उत्तम. नववर्षाची गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात, शिक्षकांना एकेका विद्यार्थ्याकडे पाहावयास सवड असते. दिवस लहान आणि थंडी कडक असते, ही त्याची किंमत. मुलांची शाळा आठवडा-दीड आठवडा बुडेल; दहावी-बारावीचें मूल घरांत असेल, तर तें वर्ष सरळ सोडून द्यावें. संक्रांत बहुधा तिकडेच होईल, तेव्हां तिळगुळाचा डबा बरोबर ठेवावा. थंडी सोसत नाहीं अशांनीं मार्चचा मध्य पाहावा. तेव्हां दिवस मोठा असतो, ऊन असतें आणि दुपारीं बर्फ मऊ पडतो.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा, आणि येथेंच बहुतेकांची गल्लत होते. जाहिरातींत मोठेपणा किलोमीटरांनीं मोजतात. फ्रान्समधील त्र्वा व्हाले, म्हणजे तीन दऱ्या, या भागांत एकमेकांस जोडलेले ६०० किलोमीटर उतार आहेत. झेरमाट आणि डोंगरापलीकडचें इटालियन चेर्व्हीनिया मिळून ३६० किलोमीटर. मलकापूरहून मुंबई आगगाडीनें सुमारें पांचशें किलोमीटर. तेव्हां हे आंकडे ऐकून छाती दडपते, आणि एवढें मिळत असतां थोडें कां घ्यावें असें आपल्या हिशेबी मनाला वाटतें. पण नवशिका पहिल्या तीन दिवसांत त्यांतील किती वापरतो? जेमतेम दोनशें मीटर. तेवढ्याच पट्टीवर तो दिवसभर वर-खालीं करतो. म्हणून ज्या घरांत कोणीच पूर्वीं घसरलेलें नाहीं, त्या घरानें ठिकाण निवडतांना पहिले दोनशें मीटर पाहावे आणि मागाहून सहाशें किलोमीटर.

हे दोनशें मीटर कसे पाहावे? पहिलें, नवशिक्यांचा उतार मुक्कामापासून पायीं जाण्याच्या टप्प्यांत आहे काय. बूट ताठ आणि जड, खांद्यावर स्की, हातांत लहान मूल, अशा थाटांत बर्फाळ रस्त्यावरून एक किलोमीटर चालणें हीच एक शिक्षा आहे. दावोसला तो बोल्गेनचा उतार गांवाला लागूनच आहे. झेरमाटला आरंभाच्या जागा गांवाच्या वर, डोंगरांतून जाणाऱ्या गाडीनें किंवा पाळण्यानें जाण्यासारख्या. दुसरें, वर नेलेला नवशिका संध्याकाळीं पाळण्यानेंच खालीं येऊं शकतो काय, कीं त्याला अवघड उतारावरून घसरत यावें लागतें. दिवसाच्या अखेरीस थकलेल्या पायांनीं कठीण झालेल्या बर्फावरून उतरतांना जेवढे गुडघे जायबंदी होतात, तेवढे सकाळीं होत नाहींत. तिसरें, उतारांच्या रंगांचा अर्थ. फ्रान्समध्यें हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, तांबडा आणि काळा. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियांत बहुधा हिरवा नसतोच, निळ्यापासूनच आरंभ होतो. निळ्या उताराची चढण सामान्यतः शंभर मीटरांस पंचवीस मीटरांपलीकडे जात नाहीं, तांबड्याची चाळीसपर्यंत जाते. ऐकावयास किरकोळ वाटणारा हा फरक पायांखालीं आला म्हणजे किरकोळ राहत नाहीं.

मोठ्या ठिकाणाचा खरा लाभ होतो तो न घसरणाऱ्यांना, हें मात्र आवर्जून सांगितलें पाहिजे. आईबाबा साठीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखरे. त्यांनीं आठवडाभर खोलींत बसून खिडकींतून बर्फ पाहावा काय? लहानशा खेड्यांत तसेंच होईल. दावोस-झेरमाटसारख्या ठिकाणीं बर्फ दाबून तयार केलेल्या चालण्याच्या वाटा असतात, वाचनालयें, दुकानें, उपाहारगृहें असतात. झेरमाटहून गोर्नरग्राटला जाणारी गाडी १८९८ पासून लोकांना ३०८९ मीटरांवर नेत आली आहे, आणि तेथून मॅटरहॉर्नचें ४४७८ मीटरांचें शिखर पाहावयास पायांत स्की असावी लागत नाहीं. शिवाय झेरमाट गांवांत पेट्रोलच्या मोटारींना मज्जाव असल्यानें म्हाताऱ्या माणसांना रस्त्यानें निर्धास्त चालतां येतें. नातवंडें कशीं पडतात आणि कशीं उठतात हें पाहण्यांत आजी-आजोबांचे दोन दिवस तर सहज जातील.

उंचीचा विचार डॉक्टरांना विचारून करावा. ६५० मीटरांवर राहणारें आपलें शरीर. दावोस १५६० मीटरांवर, झेरमाट सुमारें १६०० मीटरांवर, व्हाल तोरांस २३०० मीटरांवर. उंच गांवीं बर्फाची खात्री अधिक, पण झोंप कमी आणि डोकेंदुखी जास्त. रक्तदाब अगर हृदयविकार असलेल्या माणसानें मुक्कामास सखल गांव घ्यावें, दिवसा वर जावें आणि रात्रीं खालीं निजावें. उलट अतिशय सखल ठिकाणीं आतां बर्फाचाच भरंवसा उरलेला नाहीं. हिवाळे उबदार होत चालले आहेत. दीड हजार मीटरांच्या खालीं यंत्रांनीं पाणी फवारून बर्फ करावा लागतो, आणि तें करावयासही हवा गोठणबिंदूखालीं असावी लागते. म्हणून गांव मध्यम उंचीचें आणि उतार उंचावरचे, असें ठिकाण शोधावें. आणि खोली घेतांना, बर्फ नसल्यास पैसे परत मिळतात काय, हें आधीं लेखी विचारून ठेवावें.

पैशाविषयीं थोडक्यांत. विमानभाडें व खोली यांचा आंकडा सर्वांना आधींच दिसतो. न दिसणारे खर्च तीन. एक वर नेणाऱ्या यंत्रांचा पास : मोठ्या स्विस ठिकाणीं भर हंगामांत प्रौढ माणसाला दिवसाचे ऐंशी फ्रँक किंवा त्याहूनही अधिक पडतात. दुसरा शिक्षकाचा, तिसरा साहित्याच्या भाड्याचा. यांपैकीं शिक्षकावर काटकसर करूं नये आणि पासावर जरूर करावी. संपूर्ण डोंगराचा पास नवशिक्यानें पहिल्या दिवशीं घेणें म्हणजे अक्षरें गिरविणाऱ्या मुलाला विश्वकोशाचे खंड आणून देणें होय. बऱ्याच ठिकाणीं नवशिक्यांच्या उतारापुरता स्वस्त पास मिळतो. चौथ्या दिवशीं गरज पडली तर मोठा घ्यावा. तिकडे नोकरीस असलेला मुलगा स्वतः दोन हिवाळे घसरलेला असतो, म्हणून तो म्हणेल, "मीच शिकवितों." त्याला प्रेमानें नाहीं म्हणावें. नवऱ्यानें बायकोला मोटार शिकविण्याचे प्रसंग ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना याचें कारण सांगावें लागणार नाहीं.

साहित्य विकत घेऊं नये, तेथें भाड्यानें घ्यावें. बूट नीट बसला पाहिजे, पट्ट्या कशाही चालतील. बुटाचें माप पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरांत असतें. तें घरींच मोजून ठेवावें. दुकानदार वय, उंची आणि वजन विचारतो, तें चौकसपणा म्हणून नव्हे. पडतांक्षणीं पट्टी बुटापासून सुटली पाहिजे, आणि किती जोर पडल्यावर ती सुटावी हें त्या आंकड्यांवरून ठरवितात. कोणीं लाजेनें वजन कमी सांगितलें तर पट्टी नको तेव्हां सुटेल. पट्टीचा ऐटदार शौकीन दिसावा म्हणून कोणीं आपलें कौशल्य वाढवून सांगितलें तर ती सुटावी तेव्हां सुटणार नाहीं, आणि गुडघ्याचा बंध तुटेल. तेथें खरें बोलावें.

कपड्यांत सुती बनियन ही सर्वांत वाईट वस्तु. घाम शोषून ती ओली होते आणि मग अंग गारठतें. आंत लोकर अगर कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, मध्यें ऊब देणारा, वरून वारा व पाणी अडविणारा, असे तीन थर पुरतात. आजीनें विणलेला जाड स्वेटर एकटा पुरत नाहीं. डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना गडद चष्मा आणि चेहऱ्याला उन्हाचें मलम हीं हवींतच. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं जवळजवळ ऐंशी टक्के परत फेंकतो, त्यामुळें वऱ्हाडचें ऊन पचविलेला माणूसही एका दिवसांत तेथें सोलून निघतो.

जेवणाचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधीं निघतो. शाकाहारी माणसाला तेथें बटाटा, पाव आणि चीज यांवर दोन दिवस काढतां येतात, तिसऱ्या दिवशीं वरणभाताची आठवण होते. म्हणून हॉटेलाऐवजीं स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. अशा जागा भर हंगामांत बहुधा शनिवार ते शनिवार अशा आठवड्यानेंच मिळतात. विमानाची तिकिटें काढण्यापूर्वीं हें पाहून घ्यावें, नाहीं तर दोन रात्री स्टेशनाजवळच्या महागड्या खोलींत जातात. चिवडा, मेतकूट, तिळाची चटणी, डाळ-तांदूळ खुशाल न्यावे. परंतु दूध, तूप, पेढे आणि मांसाचे पदार्थ युरोपांत प्रवाशानें बाहेरून आणण्यास बंदी आहे. सुनेसाठीं नेलेला घरच्या तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला जातो, आणि त्या दुःखाला औषध नाहीं.

आतां ज्या विषयासाठीं मी हें भाषण पत्करलें तो विषय. युरोपांतल्या शेंगेन देशांचा व्हिसा मिळविण्यासाठीं निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. तो कागद जोडला कीं विम्याचें काम झालें असें सगळे धरून चालतात. पण सामान्य प्रवासी विम्यांतून हिवाळी खेळ पुष्कळदां वगळलेले असतात, किंवा त्यासाठीं निराळा हप्ता भरावा लागतो. बारीक अक्षरांतली ती ओळ कोणी वाचीत नाहीं. उतारावर पाय मोडला तर पट्टीवरून खालीं आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टर बोलवावें लागल्यास त्याचा खर्च, शस्त्रक्रिया, आणि आडवें पडून परत येण्यासाठीं विमानांतल्या जास्तीच्या जागा, हें सर्व अंगावर येतें. आयुष्यभर जमविलेली निवृत्तीची रक्कम एका मोडलेल्या मांडीच्या हाडांत जाऊं शकते. म्हणून विमा घेतांना तीनच प्रश्न विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावें : स्की धरली आहे काय? शोध व सुटकेचा खर्च, हेलिकॉप्टरसह, धरला आहे काय? साठीच्या पुढील माणसाला आणि जुन्या आजारांना कोणती अट आहे? उत्तर तोंडीच मिळत असेल तर दुसरी कंपनी पाहावी.

दुसरें भय हिमप्रपाताचें, म्हणजे डोंगराच्या अंगावरचा बर्फाचा थर सुटून खालीं कोसळण्याचें. युरोपांत रोज त्याची सूचना एक ते पांच अशा पायऱ्यांनीं देतात. चमत्कारिक गोष्ट अशी कीं सर्वांत अधिक बळी चौथ्या-पांचव्या पायरीवर जात नाहींत, तिसरीवर जातात. कारण पांचवीला सगळे घरींच बसतात आणि तिसरीला आकाश निळें असतें. नवशिक्यापुरता याचा अर्थ सोपा आहे : खुणा केलेल्या उताराबाहेर एक पाऊलही टाकूं नये, बाजूचा कोरा बर्फ कितीही सुंदर दिसो. उतारावर वागण्याचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की संघानें १९६७ मध्यें घालून दिले आहेत. त्यांतला मुख्य असा, कीं पुढचा माणूस पहिला मानावा. मागून येणाऱ्यानें त्याला सांभाळून वाट काढावी. आपल्या रस्त्यांवर मागचा भोंगा वाजवून पुढच्याला हांकलतो, तेव्हां हा नियम मुलांना घरींच पाठ करून द्यावा.

शरिराची तयारी बुलढाण्यांतच होते. निघण्यापूर्वीं आठ आठवडे रोज जिने चढावे-उतरावे आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्यासारखें अधांतरीं बसण्याचा सराव करावा. मांड्या बळकट झाल्या कीं गुडघे वांचतात. घाटांतली चढण फिरावयास जवळ असतां एवढ्यासाठीं व्यायामशाळेची वर्गणी भरण्याचें कारण नाहीं.

आणि आतां गुलमर्ग. ज्यांचा मुलगा परदेशीं नाहीं, किंवा असूनही ज्यांना पहिलाच एवढा खर्च जड वाटतो, त्यांनीं पहिला धडा आपल्याच देशांत घ्यावा, असें माझें मत आहे. गुलमर्ग सुमारें २६५० मीटरांवर. तेथें सरकारी स्की व गिर्यारोहण संस्था आहे, आणि गांवालगतचें कुरण नवशिक्यांना अगदीं योग्य आहे. तेथील पाळणा दोन टप्प्यांत अफरवटच्या डोंगरावर सुमारें ३९५० मीटरांपर्यंत जातो; दुसरा टप्पा नवशिक्यासाठीं नव्हे. त्या बाजूच्या डोंगरावर २०२३ च्या फेब्रुवारींत दोन पोलिश आणि २०२४ च्या फेब्रुवारींत एक रशियन स्कीवाला हिमप्रपातांत सांपडून मेला, आणि हीं माणसें शिकाऊ नव्हतीं. दुसरी जागा उत्तराखंडांतील औली. तेथें गढवाल मंडळाचे सात व चौदा दिवसांचे वर्ग चालत आले आहेत. जोशीमठाची जमीन खचल्यामुळें तेथील रोपवे २०२३ च्या जानेवारींत बंद करावा लागला, तेव्हां जाण्याची वाट आधीं विचारून घ्यावी. बर्फाचा लहरीपणा इकडेही आहेच : २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५ मध्यें बर्फ नाहीं म्हणून तेथील हिवाळी क्रीडास्पर्धा फेब्रुवारींतून मार्चमध्यें ढकलाव्या लागल्या. शिवाय पहलगामजवळ २२ एप्रिल २०२५ रोजीं झालेल्या हत्याकांडांत महाराष्ट्रांतलेही प्रवासी गेले. त्यानंतर काश्मीरचें नांव निघतांच घरांतील वडील मंडळी गप्प होतात, आणि त्यांना भित्रें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. अशा घरानें औली पाहावें. पण कोठेंतरी सात दिवस शिकून मग आल्प्सला जाणाऱ्या माणसाला तेथला पहिलाच दिवस खऱ्या उतारावर मिळतो, आणि ज्याला हा खेळ मानवत नाहीं त्याला तें थोडक्या खर्चांत कळतें. घरांतील एक-दोघे तरुण तरी असे शिकून यावे.

राहिला कागदपत्रांचा वेळ. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांहून आधीं घेत नाहींत. निकालास सामान्यतः पंधरा दिवस, कधीं पंचेचाळीस दिवसही लागतात. ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें त्या देशाकडे अर्ज करावा. मुलगा जर्मनींत असला तरी स्कीचा आठवडा आणि बाकीचा मुक्काम यांचे दिवस मोजून मगच ठरवावें. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि दहा वर्षांपेक्षां जुना नसावा. जानेवारीचा बेत असेल तर गणपतींच्या सुमारास खोली व शिक्षक ठरवावे, नवरात्रांत अर्ज द्यावा, विमा त्याच वेळीं घ्यावा, आणि दिवाळीच्या फराळानंतर जिने चढावयास लागावें. मलकापूर किंवा शेगांवाहून मुंबईची गाडी विमानाच्या आदल्या दिवशींची घ्यावी. हिवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळें तासनतास उशिरा येतात, आणि विमान कोणासाठीं थांबत नाहीं. झुरिकला उतरल्यावर पुढें मोटार भाड्यानें घेऊं नये. बर्फावर चालविण्याची संवय आपल्याला नाहीं, आणि विमानतळाच्या खालूनच निघणाऱ्या आगगाडीनें सामानासकट डोंगरांतल्या गांवापर्यंत पोंचतां येतें.